उलटी घातलेली सीडी

२००५ च्या सुमारास संगणकाच्या दुकानांत एक नवा डीव्हीडी रायटर दिसू लागला. दिसायला तो बाकीच्यांसारखाच होता, ट्रेच्या तोंडावर एक छोटं चिन्ह तेवढं जास्त. पण त्याच्यासोबतची सूचना वाचून कोणीही बुचकळ्यात पडावं. सीडी नेहमीसारखी राइट करा, बाहेर काढा, उलटी करा आणि पुन्हा आत घाला. उलटी सीडी चालत नाही, हे तोवर घरातल्या लहान पोरालाही ठाऊक झालं होतं. इथे तर उलटी घालण्यातच सगळी करामत होती. ज्या लेझरने खालच्या बाजूला गाणी किंवा फोटो उतरवले, तोच लेझर आता वरच्या बाजूवर नाव लिहिणार होता, चित्र काढणार होता. शाई लागणार नव्हती, कागद लागणार नव्हता, डिंकही नाही.

या तंत्राचं नाव लाइटस्क्राइब. अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी कंपनीने ते आणलं, मोठ्या झोकात आणलं, आणि दहा वर्षं व्हायच्या आत ते बाजारातून जवळजवळ नाहीसंही झालं. घरगुती वापरासाठी ते परवडणारं होतं का, त्या खटाटोपाचं चीज होत होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. आजही कपाटात तो जुना रायटर आणि कोऱ्या चकत्यांचं अर्धं पाकीट सापडलं की विचारला जातो. बहुतेक घरांसाठी उत्तर ‘नाही’ असंच आहे. मात्र त्या ‘नाही’पर्यंत पोहोचायचं तर आधी सीडीची पाठ नीट समजून घ्यावी लागते.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. ही जवळपास सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. वाचणारा लेझर खालून येतो आणि या प्लॅस्टिकमधून आरपार वर जातो. माहिती साठवणारा रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चकचकीत धातूचा मुलामा पार वरच्या टोकाला, लेबलच्या बाजूला असतात. त्यांच्या डोक्यावर काही मायक्रॉन जाडीच्या लाखेचं पांघरूण, एवढंच काय ते संरक्षण. आरशाच्या काचेवर ओरखडा पडला तरी त्यात तोंड दिसतं, पण मागचा पारा खरवडला की तेवढा आरसा कायमचा जातो. सीडीचंही तसंच आहे.

त्यामुळे घरोघरी चाललेला प्रकार नेमका उफराटा होता. लोक चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून सीडी कडेला धरत, आणि मग तिला टेबलावर पालथी ठेवून पाठीवर बॉलपेनने दाबून ‘बारसं’ असं लिहीत. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा निभावून जातो. सीडीच्या रचनेतच चुका दुरुस्त करण्याची गणिती सोय आहे, आणि साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंत सलग गेलेली माहितीसुद्धा ती भरून काढू शकते. पाठीवरच्या लाखेतून आत गेलेलं बॉलपेनचं टोक मात्र थेट धातूच्या थराला भिडतं, आणि उडालेला मुलामा परत बसवता येत नाही.

डीव्हीडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध सुरक्षित असते. पेनाची भीती तिथे कमी. तिचा शत्रू म्हणजे वाकणं, आणि ते काम स्टिकर चोख करतो. गोल कागदी स्टिकर घरच्या प्रिंटरवर छापून सीडीवर चिकटवायची तेव्हा पद्धत होती. तो मध्यापासून केसभर सरकला की वजनाचा तोल जातो. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, त्या वेगात असा तोल गेलेली चकती घरघरायला लागते. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आक्रसतो. कोकणातला एक पावसाळा आणि त्यानंतरची ऑक्टोबरची धग एवढं त्याला पुरतं. डिंक उष्णतेने सैल होतो. गाडीतल्या प्लेयरमध्ये फटीतून सीडी आत सरकवायची असे. स्टिकरची सुटलेली कड आत अडकली की सीडी आणि प्लेयर दोघांचंही काम तमाम.

अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी जपण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली. फ्रेड बायर्स यांनी ती तयार केली होती. ग्रंथालयं आणि दफ्तरखान्यांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तिकेचा सल्ला साधा होता: दीर्घकाळ ठेवायच्या चकतीवर स्टिकर लावू नका, लिहायचंच तर मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने लिहा, आणि त्यातही सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं. तिथे माहितीच नसते, मग बिघडणार काय?

एका मार्करवर काम भागत असताना लेझर हवा कशाला, असं इथे वाटेल. ओरेगन राज्यातल्या कोर्व्हॅलिस या छोट्या गावात बसलेल्या माणसांना तसं वाटलं नाही. एचपीचा तिथला परिसर छपाईच्या दुनियेत नावाजलेला. १९८४ चा थिंकजेट हा कंपनीचा पहिला इंकजेट प्रिंटर तिथल्याच कामातून निघाला, आणि पुढे शाईच्या काडतुसांवर एचपीने अमाप पैसा कमावला. त्याच कोर्व्हॅलिसमधले अभियंते डॅरिल अँडरसन यांना सुचलं की रायटरमध्ये लेझर आयता बसलेला आहेच, मग लेबलचं कामही त्याच्याकडूनच का करून घेऊ नये? शाई विकून मोठ्या झालेल्या कंपनीच्या अंगणात शाईविना छपाईची कल्पना निघावी, ही गोष्ट गमतीची खरीच. जानेवारी २००४ मध्ये एचपीने लाइटस्क्राइब जाहीर केलं. कंपनीने तंत्राचा परवाना इतरांनाही दिला. त्यामुळे एलजी, लाइट-ऑन, सॅमसंग यांचे ड्राइव्ह आणि व्हर्बेटिम, मॅक्सेल, इमेशन यांच्या चकत्या बाजारात आल्या. भारतात नोएडाच्या मोझर बेअरचं नाव या यादीत होतं.

कल्पना सोपी वाटते, पण तिच्यात दोन अडचणी होत्या. पहिली अडचण दिशेची. सीडीच्या खालच्या बाजूला आतून बाहेर जाणारी एक सलग सर्पिल खाच कारखान्यातच कोरलेली असते, तिच्या दोन वेढ्यांतलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन. लेझर त्या खाचेच्या आधाराने चालतो. पाठीवर अशी वाटच नाही. म्हणून लाइटस्क्राइबच्या चकतीवर मधल्या भोकाभोवती बारीक रेघांची एक पट्टी छापलेली असे आणि ड्राइव्हमधला वेगळा संवेदक ती वाचत असे. या क्षणी चकती नेमकी किती फिरलेली आहे हे त्यावरून यंत्राला कळे. मग आतून सुरुवात करून एकामागून एक वर्तुळं आखत चित्र पुरं होई.

या पट्टीचा एक फायदा बऱ्याच जणांच्या लक्षातच आला नाही. चकतीची दिशा यंत्राला ठाऊक असल्यामुळे अर्धवट लेबल नंतर वाढवता येई. आज पहिल्या सहलीचे फोटो आणि त्यांचं नाव, चार महिन्यांनी त्याच सीडीवर दुसऱ्या सहलीचे फोटो आणि पहिल्या नावाच्या शेजारी दुसरं नाव. चित्र फिकट आलं तर तेच चित्र बरोबर त्याच जागी पुन्हा उमटवून गडद करता येई.

दुसरी अडचण रंगाची. साध्या सीडीच्या पाठीवर लेझर कितीही फिरवला तरी काहीच उमटणार नाही; त्यासाठी खास लेप हवा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त, डोळ्यांना जवळपास न दिसणारा. तो शोषून गरम होणारं एक द्रव्य, त्या उष्णतेने रूप बदलणारं ल्यूको जातीचं रंगद्रव्य, आणि त्याला रंगात आणणारं तिसरं रसायन असा तो लेप. लेझरचा ठिपका पडला की तिथे क्षणभर उष्णता वाढते, रसायनं एकमेकांत मिसळतात आणि रंगहीन रंगद्रव्य काळपट होतं. पृष्ठभाग खरवडला जात नाही, धूर निघत नाही. ‘लेझरने कोरलेलं लेबल’ असं म्हणायची पद्धत पडली, पण कोरीव काम असं त्यात काहीच नव्हतं.

हे ल्यूको रंगद्रव्य मराठी वाचकाच्या खिशातच असतं. एटीएममधून येणारी पावती किंवा एसटीच्या कंडक्टरच्या यंत्रातून निघणारं तिकीट याच घराण्यातलं. त्या कागदावर शाई नसते. कागदावरचा लेप छपाईच्या टोकाच्या उष्णतेने काळा पडतो. आणि पाकिटात ठेवलेल्या पावतीचं दोन उन्हाळ्यांनंतर काय होतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

निकालाची गुरुकिल्ली इथेच आहे. लाइटस्क्राइबच्या लेबलचं मूळ दुखणं म्हणजे प्रकाश. एचपीसुद्धा चकत्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवण्याचाच सल्ला देत असे. गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली किंवा खिडकीजवळच्या मांडणीत उघडी ठेवलेली सीडी हळूहळू फिकी होत जाई. लेबल कशासाठी लावायचं? समोर दिसावं म्हणून. हे लेबल टिकवायचं तर ते नजरेआड ठेवायला हवं. सीडीतली गाणी शाबूत, पण ती कोणती गाणी आहेत ते सांगणारं नाव गेलेलं, अशी वेळ त्यामुळे येऊ शके.

ते दिसे तरी कसं? पहिल्या चकत्या सोनेरी-करड्या, त्यावर करडा-काळा ठसा. लांबून पाहिलं तर जुन्या पितळी भांड्यावर नाव घातल्यासारखं, आणि खरं सांगायचं तर तेवढं ते देखणं होतं. २००६ मध्ये पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या आणि निळ्या पार्श्वभूमीच्या चकत्या निघाल्या, तेव्हा अनेकांना रंगीत छपाई आली असं वाटलं. रंग पार्श्वभूमीचा होता, चित्र एकरंगीच राहिलं. ठळक अक्षरं, रेखाचित्रं, नक्षी त्यावर छान दिसत. चेहऱ्यांचे फोटो बहुधा मातकट येत, कारण गडद आणि फिका यांतला फरकच मुळात कमी होता.

मग वेळेचा हिशेब. सुरुवातीच्या ड्राइव्हवर पूर्ण चकतीभर चित्र उत्तम दर्जात उमटायला साधारण अर्धा तास लागे. नुसतं नाव आणि तारीख एवढंच गोलाकार लिहिलं तर काही मिनिटांत काम होई. लग्नाच्या डीव्हीडीच्या पन्नास प्रती पाहुण्यांना वाटायच्या आणि प्रत्येकीवर वधूवरांचं पानभर चित्र हवं, असा हौशी बेत केला तर लेबलांचेच पंचवीस तास झाले. तेवढा वेळ कोणीतरी संगणकाजवळ बसून दर अर्ध्या तासाने चकती बदलायची. त्यात आधी माहिती राइट करण्याचा वेळ धरलेला नाही. शिवाय चकत्या साध्या सीडीपेक्षा महाग. घरात एवढी उसंत कोणाला असते?

तंत्रं इतरही होती. २००२ मध्ये जपानच्या यामाहाने सीआरडब्ल्यू-एफ१ या सीडी रायटरमध्ये ‘डिस्क टॅटू’ नावाची सोय दिली होती. त्यात पाठीला हातच लावायचा नाही. माहिती राइट झाल्यावर खालच्या बाजूला उरलेल्या रिकाम्या जागेत लेझरने नक्षी काढायची. खास चकती लागत नसे, हे त्याचं बलस्थान. गाण्यांनी काठोकाठ भरलेल्या सीडीवर मात्र नक्षीला जागाच उरत नसे, आणि नाव वाचायचं तर सीडी उलटून उजेडात तिरपी धरावी लागे. पुढच्याच वर्षी यामाहाने सीडी रायटरच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. तीच कल्पना २००५ मध्ये फुजीफिल्मच्या साथीने ‘लेबलफ्लॅश’ नावाने परत आली. यावेळी डीव्हीडीचा लाल लेझर वापरला होता आणि रंगाचा थर पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटर आत दडवलेला होता. निळसर झाक असलेली ती लेबलं लाइटस्क्राइबपेक्षा जास्त रेखीव दिसत, पण चकत्या मिळायचीच मारामार असल्याने ती मागे पडली.

घरगुती वापरात लाइटस्क्राइब आणि लेबलफ्लॅश या दोघांनाही मागे टाकलं ते इंकजेट प्रिंटरने. पांढऱ्या, शाई शोषणाऱ्या पाठीच्या चकत्या आणि सीडीसाठी वेगळा ट्रे असलेला प्रिंटर. एप्सनच्या एल८०० सारख्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांतही ही सोय होती. पूर्ण रंगीत छपाई एक-दोन मिनिटांत, आणि चकतीही फार महाग नाही. ओल्या बोटाने शाई पसरते, पूर्ण सुकेपर्यंत थांबावं लागतं, हे खरं. तरी ज्याला लेबल देखणं हवं होतं त्याला हा मार्ग पटला. ज्याला देखणेपणाशी देणंघेणं नव्हतं त्याच्याकडे मार्कर होता. मधली जागा लाइटस्क्राइबला उरली, आणि ती फार अरुंद होती.

तरीही त्या अरुंद जागेत काही माणसं मजेत राहिली. प्रत्येक प्रत वेगळ्या नावाने द्यायची आहे, संख्या थोडी आहे आणि चकती जपून वापरली जाणार आहे, अशा कामांना लाइटस्क्राइब शोभून दिसे. कार्यक्रमानंतर पाच-दहा प्रती देणारा गायक, किंवा ग्राहकाचं नाव घालून फोटोंची एकच डीव्हीडी देणारा छायाचित्रकार, अशांची ही कामं. घरात म्हणायचं तर आजीच्या पंचाहत्तरीला केलेली एकुलती एक सीडी. शिवाय एक गुण निर्विवाद होता. पाठीवर कागदाचं वजन चढत नव्हतं, डिंक लागत नव्हता, टोकदार काही टोचत नव्हतं, म्हणजे चकतीतल्या माहितीला धक्का न लावता लेबल मिळत होतं. स्टिकर वापरणाऱ्याने लाइटस्क्राइबकडे वळणं शहाणपणाचंच होतं. मार्कर वापरणाऱ्याला त्याची गरज नव्हती.

या तंत्राचा सर्वांत अनपेक्षित उपयोग झाला तो लेबलाबाहेर. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड केनर यांच्या प्रयोगशाळेतले संशोधक माहेर अल-काडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीव्हीडीवर ग्रॅफाइट ऑक्साइडचा पातळ थर सुकवला आणि ती चकती बाजारात मिळणाऱ्या लाइटस्क्राइब ड्राइव्हमध्ये घातली. लेझर फिरला तिथे तपकिरी थर काळा होऊन ग्राफीन तयार झालं. हे एका अणूच्या जाडीच्या कार्बनपत्र्यांचं, वीज उत्तम वाहून नेणारं द्रव्य. त्यापासून त्यांनी वीज झटपट साठवणारे लवचिक सुपरकपॅसिटर केले आणि मार्च २०१२ मध्ये हे काम ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी त्यांनी अर्ध्या तासात एका चकतीवर शंभराहून अधिक सूक्ष्म सुपरकपॅसिटर उमटवून दाखवले. लेबलासाठी घरातल्या माणसाला जो अर्धा तास जड वाटत होता, तोच प्रयोगशाळेत अत्यंत स्वस्त ठरला.

घरात मात्र तोवर चकतीच मागे पडू लागली होती. पेन ड्राइव्ह आले, मग फोनच साठवणीचं साधन झाला, लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्ह काढून टाकण्यात आले. २०१३ च्या सुमारास लाइटस्क्राइबचं अधिकृत संकेतस्थळ बंद झालं. त्याबरोबर ड्राइव्हला लेबल काढायला लावणारं सॉफ्टवेअर मिळण्याची सरळ वाटही बंद झाली. १९८८ मध्ये सीडी-आर जगापुढे आणणाऱ्या जपानच्या तायो युदेनने २०१५ मध्ये चकत्यांचा धंदा थांबवला. आपल्याकडे अवघ्या २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकून बाजार हलवणारी मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

म्हणजे आज कोणी नव्याने लाइटस्क्राइबचा घाट घालत असेल तर त्याने तो घालू नये. जुना ड्राइव्ह शोधायचा, कुठल्यातरी साठ्यातलं सॉफ्टवेअर भरवशाचं आहे की नाही याची चिंता करत उतरवायचं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लेपावर विसंबायचं, एवढं करून हाती येणार ते उन्हात उडून जाणारं करडं नाव.

ड्राइव्ह, सॉफ्टवेअर आणि चकत्या तिन्ही हाताशी असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा पूर्ण चित्राच्या मागे न लागता फक्त नाव आणि तारीख जाड अक्षरांत, सर्वांत गडद दर्जावर उमटवावी. त्याआधी चकतीची पाठ मऊ कापडाने पुसावी, कारण बोटाचा ठसा राहिला तर तिथे चित्र नीट उठत नाही. चकती बंद डबीत, उजेडापासून दूर ठेवावी.

आणि घरात आधीच उमटवलेल्या जुन्या चकत्या असतील तर लेबल अजून वाचता येतंय तोवर त्यांची यादी करून ठेवावी, आतले फोटो आणि चित्रीकरण हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावं. चकतीवरच क्रमांक टाकायचा असेल तर पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने भोकालगतच्या पारदर्शक कड्यावर टाकावा. फक्त बारीक रेघांची ती पट्टी झाकू नये. ती शाईखाली गेली तर ड्राइव्हला चकतीची दिशा कळणार नाही, आणि त्या लेबलात पुढे काही भर घालता येणार नाही.